यंत्राची लय

घरगुती उद्योगांविषयींच्या या सदरांत आम्हीं आजवर पापड-सांडग्यांपासून पुस्तकबांधणीपर्यंत नाना विषय घेतले. या खेपेचा विषय पाहून आमचे जुने वाचक म्हणतील, ‘मास्तरांना या वयांत ही काय अवदसा आठवली!’ विषय आहे घरच्या घरीं प्लॅस्टिकचा तंतु काढणाऱ्या यंत्राचा, आणि त्यांतही त्या यंत्राच्या मोटरीची गति कमीजास्त कशी करावी याचा. आम्ही जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे. उभा जन्म शब्दरूपें आणि समास शिकविण्यांत गेला. यंत्रविद्या आमचा प्रांत नव्हे. तथापि गेल्या चातुर्मासांत आमच्या हातून एक चूक घडली, आणि ती निस्तरतांना जें कांहीं शिकावयास मिळालें, तें आपल्यापाशींच ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं. ज्या घरांत कॉलेजांत जाणारा नातू आणि रिकामपणीं त्याच्या कामांत हात घालणारा आजोबा अशीं दोन्ही माणसें आहेत, त्या घरास हा लेख विशेष उपयोगी पडेल.

सोऱ्याचें धाकटें भावंड

आमचें बिऱ्हाड मुलुंडास, पूर्वेच्या बाजूस. थोरले बंधू निवर्तले. त्यांच्या मागें वहिनी, पुतण्या, सूनबाई, नातू आणि आम्ही उभयतां असा एकत्र संसार आहे. नातू इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षास आहे. त्याच्या खोलींत एक थ्रीडी प्रिंटर आहे. त्यास छापण्याचें यंत्र म्हणतात खरें, पण त्यांत शाई नाहीं आणि कागदही नाहीं. प्लॅस्टिकचा बारीक दोरा वितळवून, रांगोळीच्या रेघेसारखा थरावर थर घालीत, तें यंत्र वस्तु उभी करितें. ही युक्ति अमेरिकेंतील स्कॉट क्रंप यांची. त्यांनीं १९८९ मध्यें तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला. पुढें २००५ च्या सुमारास इंग्लंडांत बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनीं असें यंत्र कोणासही घरीं करतां यावें म्हणून त्याचे नकाशे खुले करण्याचा उपक्रम आरंभिला, आणि पेटंटाची मुदत २००९ मध्यें संपल्यावर हीं यंत्रें घरोघर पोंचलीं.

या यंत्राचें खाद्य म्हणजे तो दोरा. त्यास फिलॅमेंट म्हणतात. आम्ही तंतु म्हणूं. नातवाच्या खोलींत बिघडलेल्या वस्तूंची एक टोपली नेहमीं भरलेली असे. ‘हें सारें पुन्हां वितळवून त्याचा तंतु कां काढूं नये?’ असें त्याच्या मनानें घेतलें, आणि गॅलरींत एक नवें यंत्र उभें राहिलें. इंग्रजींत त्यास एक्स्ट्रूडर म्हणतात.

तें कसें चालतें हें समजण्यास आमच्या वाचकभगिनींना कांहींच कठीण नाहीं. दिवाळींतला चकलीचा सोऱ्या डोळ्यांपुढें आणावा. सोऱ्यांत पीठ भरतात, वरून दाबतात, आणि चकतीच्या छिद्रांतून पीठ धारेनें बाहेर येतें. आतां पिठाऐवजीं प्लॅस्टिकचा दाणा, हाताच्या दाबाऐवजीं नळींत फिरणारा लांब स्क्रू, आणि नळीभोंवतीं विजेची उष्णता, एवढा फरक केला म्हणजे एक्स्ट्रूडर झाला. एका टोंकास दाणे ओतण्याचें नरसाळें, दुसऱ्या टोंकास नोझल, म्हणजे बारीक छिद्राची टोपी. मोटर स्क्रूस फिरविते, स्क्रू दाणे पुढें रेटतो, दाणे वाटेंत वितळतात, आणि छिद्रांतून मऊ तंतु बाहेर पडतो. तो पंख्याच्या वाऱ्यानें गार होतो, आणि एक चक्री त्यास सारख्या गतीनें ओढून रिळावर गुंडाळते. पाणी वर चढविणाऱ्या आर्किमिडीजच्या मळसूत्राचाच हा वंश. वितळणाऱ्या प्लॅस्टिकसाठीं असें स्क्रूचें यंत्र जर्मनींत पॉल ट्रोस्टर यांनीं १९३५ मध्यें केलें. आज पाण्याचे पाइप आणि विजेच्या तारांवरचीं वेष्टणें त्याच रीतीनें निघतात.

कारखान्यांतलें यंत्र घरांत आणण्याचें श्रेय मात्र आमच्या वयाच्या माणसांस अभिमान वाटावा अशा एका गृहस्थांकडे जातें. २०१२ सालीं अमेरिकेंत एक स्पर्धा जाहीर झाली. २५० डॉलरांच्या आंतील सामानांत घरगुती तंतुयंत्र जो करील आणि त्याचे नकाशे सर्वांस खुले करील, त्यास ४०,००० डॉलरांचें बक्षीस होतें. २०१३ च्या मार्चमध्यें तें बक्षीस ह्यू लायमन या ८३ वर्षांच्या निवृत्त गृहस्थांनीं मिळविलें. त्यांचा पहिला प्रयत्न खर्चाच्या अटींत बसला नव्हता. म्हणून त्यांनीं दुसरें यंत्र केलें. आपल्या पुण्यांतही त्याच सुमारास सिद्धांत पै या तरुणानें ‘प्रोटोप्रिंट’ नांवाचा उद्योग काढला, आणि ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या साह्यानें टाकाऊ बाटल्यांच्या प्लॅस्टिकपासून तंतु काढण्याचा प्रयत्न केला. भंगाराच्या भावापेक्षां अधिक मोल कचरा वेचणाऱ्या बायांच्या पदरांत पडावें, हा त्यामागील हेतु. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझास एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस ज्यांनीं उपनगरांत काढला, तुंबलेल्या गटारांतून वर आलेल्या पिशव्या ज्यांनीं पाहिल्या, त्यांना टाकाऊ प्लॅस्टिकचा कांहीं उपयोग होतो हें ऐकून समाधान वाटल्यावांचून राहत नाहीं. म्हणून गॅलरींतल्या त्या यंत्रास घरांत कोणीं विरोध केला नाहीं. सूनबाईंनीं वाळवणाची जागा गेल्याबद्दल चार शब्द ऐकविले, तेवढेच.

आमची चूक

वहिनींचा कित्येक वर्षांचा एक नेम आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत वहींत लाख वेळां रामनाम लिहावयाचें. म्हणजे दिवसास आठशें-साडेआठशें नामें. परंतु गेल्या वर्षीं संधिवातानें त्यांचीं बोटें आंखडलीं आणि लेखणी बोटांत ठरेना. नातवानें कणकेचा गोळा त्यांच्या मुठींत देऊन दाबावयास सांगितला, त्या ठशाचीं मापें घेतलीं, आणि लेखणीवर चढवितां येईल अशी जाड मूठ प्रिंटरवर काढण्याचें ठरविलें. वहिनी म्हणाल्या, ‘तुझ्या त्या टोपलींतल्या मोडतोडीची होत असेल तर कर. नवें विकत आणूं नकोस.’ मग काय, नातवानें तें मनावर घेतलें.

परंतु तंतु धड निघेना. कोठें जाड, कोठें बारीक. जाड भाग प्रिंटरच्या नळींत अडके, बारीक भागाचे थर पोकळ पडत. एकादशी जवळ आली. आदल्या दिवशीं नातू परीक्षेस गेला आणि जातांना सांगून गेला, ‘आजोबा, दुपारीं हीटर चालूं करून ठेवा. मी आल्यावर मोटर सुरू करतो. मोटरीच्या बटणाला मात्र हात लावूं नका.’

आम्हीं हीटर चालूं केला. थोड्या वेळानें यंत्राच्या पाटीवर १७५ अंशांचा आंकडा उमटला; हवी होती तीच उष्णता. नातू येण्यास दोन तासांचा अवकाश होता. आम्हांस वाटलें, तेवढ्यांत दहा-पांच हात तंतु काढून ठेवूं. बटण थोडें फिरविलें. मोटर नुसती गुणगुणली, स्क्रू हलेना. गति कमी पडते असें समजून आम्हीं बटण शेवटपर्यंत फिरविलें. एक ‘कड्’ असा आवाज झाला, आणि मग मोटर मोकळीच भिरभिरूं लागली. गिअरबॉक्सचे दांते झडले होते.

नातू परत आल्यावर आम्हीं जें झालें तें सांगितलें. तो रागावला नाहीं. तो रागावला असता तर बरें झालें असतें. वहिनींनीं दुसऱ्या दिवशीं नुसत्या लेखणीनें नेम सुरू केला. दिवसभरांत जेमतेम पाऊण पान झालें, आणि त्या पानावरचीं अक्षरें पाहून आमच्या घशाखालीं फराळ उतरेना.

नवा गिअरबॉक्स लॅमिंग्टन रोडवर मिळाला. पण तो जुन्या दांड्यास बसेना म्हणून साकीनाक्यास एका गाळ्यांत जावें लागलें. तेथें प्लॅस्टिकचीं मोठीं यंत्रें चालतात. तेथील वयस्क कारागिरानें तुटके दांते पाहिले आणि आमच्याकडे पाहून म्हटलें, ‘मास्तर, आंत कालचा माल राहिला होता ना? आणि गरम व्हायच्या आधीं फिरवलीत.’ आम्हीं म्हटलें, ‘आंकडा तर १७५ दाखवीत होता.’ तो हंसला. ‘आंकडा नळीच्या बाहेरचा असतो. आंतल्या स्क्रूला आणि मालाला त्याची खबर उशिरा लागते. वीस मिनिटं थांबायचं.’ मग त्यानें आपल्या यंत्रावरचा अँपिअरचा कांटा दाखविला. ‘मोटर बोलत नाही, पण हा कांटा बोलतो. वर चढला कीं समजायचं, आंत अडतंय. तेव्हां गति वाढवायची नसते, कमी करायची असते.’ चाळीस वर्षें आम्ही वर्गांत बोललों. इतक्या थोड्या शब्दांत इतकें आम्हांस क्वचितच सांगतां आलें असेल.

दोन गतींचें गणित

या यंत्रांत गति दोन आहेत, आणि नवशिका मनुष्य त्यांची गल्लत करितो. एक स्क्रूची गति. ती माल किती बाहेर पडावा हें ठरविते. दुसरी ओढणाऱ्या चक्रीची गति. ती त्या मालाचा तंतु किती बारीक व्हावा हें ठरविते. चकली पाडतांना दाब सारखा ठेवून हात भरभर फिरविला तर धार बारीक होऊन तुटते. हात रेंगाळला तर वेढे जाड होतात. तोच हा प्रकार.

प्रचारांतील तंतु १.७५ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि त्यांत ०.०५ पेक्षां अधिक फरक चालत नाहीं, म्हणजे १.७० ते १.८० एवढीच मोकळीक. प्रिंटरांतली नळीच आंतून २ मिलिमीटरांची असते, मग जाड तंतूनें जावें कोठून? आतां वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें हें सातवी-आठवीचें गणित येथें उपयोगी पडतें. चक्रीची गति तीच ठेवून स्क्रूची गति शेंकडा १० वाढली, तर माल शेंकडा १० वाढतो, क्षेत्रफळ तितकेंच वाढतें, पण व्यास शेंकडा ५ च वाढतो, १.७५ चा सुमारें १.८३ होतो. तेवढ्यानेंही तंतु बाद! उलट हिशेब केला तर असें दिसेल कीं, तंतु मर्यादेंत राहण्यास गतींत शेंकडा ५-६ पेक्षां अधिक चढउतार होतां कामा नये. घरगुती यंत्राची सारी मेख या पांच-सहा टक्क्यांत आहे.

वेगाचाही अंदाज देऊन ठेवतों. आमचें यंत्र मिनिटास सुमारें ३० सेंटिमीटर तंतु काढतें. पी.एल.ए. जातीचें प्लॅस्टिक, जें मका किंवा ऊस यांच्या साखरेपासून होतें, त्याच्या एका किलोंत असा तंतु सुमारें ३३५ मीटर भरतो. म्हणजे एक किलोस साडेअठरा तास! आमची मंडळी म्हणाली, ‘एवढ्या वेळांत शंभर माणसांच्या शेवया झाल्या असत्या.’ गोष्ट खरी आहे. पण गति दुप्पट केली म्हणजे काम अर्ध्या वेळांत होतें असें मात्र नाहीं. स्क्रू फार वेगानें फिरला तर दाणा पुरता वितळण्याआधींच नोझलपाशीं पोंचतो. तंतूंत गांठी येतात आणि मोटरीवर ताण पडतो. उलट फार संथ फिरला तर माल नळींत अधिक वेळ शिजत राहतो, पिवळा पडतो, आणि त्याचा चिवटपणा जातो. मधली एक गति असते. ती प्रत्येक यंत्राची आणि प्रत्येक मालाची निराळी, आणि ती शोधूनच काढावी लागते.

मोटरीचें बटण

जुन्या पंख्याचा तो काळा, जड रेग्युलेटर वाचकांस आठवत असेल. तो गरम होई, कारण पंखा मंद करण्यासाठीं विजेचा कांहीं भाग तो आपल्यांतच जाळी. आमच्या यंत्राच्या १२ व्होल्टच्या मोटरीस असा अडथळा लावून गति कमी केली, तर एक विचित्र प्रकार होतो. दाणा अडला कीं मोटर अधिक वीज मागते. अधिक वीज मागतांच अडथळ्यांत दाब अधिक खर्ची पडतो. आणि जोराची गरज असते नेमक्या त्याच क्षणीं मोटरीची ताकद कमी होते. अडलेल्या मुलास मदत करावयाची, तेव्हां आपण त्याची पाटी काढून घ्यावी, तसें हें झालें.

म्हणून या यंत्रास पी.डब्ल्यू.एम. नांवाचें नियंत्रक लावतात. तें मोटरीस वीज देतें ती पुऱ्या दाबाची देतें, पण सेकंदास हजारों वेळां चालूं-बंद करून देतें. चालूचा काळ अधिक ठेवला तर गति वाढते, कमी ठेवला तर उतरते. जोर टिकून राहतो आणि उष्णताही वायां जात नाहीं. तरीसुद्धां भार वाढला म्हणजे मोटर थोडी मंदावतेच. त्यावर उपाय म्हणजे दांड्यावर फेरे मोजणारा एन्कोडर बसविणें. गति उतरली कीं नियंत्रक आपण होऊन वीज वाढवितें. नातवानें दुरुस्तीच्या वेळीं तोही बसविला.

आतां बटण कसें फिरवावें, तो अनुभवाचा क्रम सांगतों.

पहिली गोष्ट, दाणा कोरडा असावा. मुंबईच्या पावसाळ्यांत पी.एल.ए. हवेंतलें पाणी शोषून घेतें. तें पाणी नळींत वाफ होऊन तंतूंत बुडबुडे आणतें आणि मालही ठिसूळ करितें. मग मनुष्य उगाच गतीस दोष देत बसतो. ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास सुकवावें. ६० अंशांपुढें दाणे मऊ पडून एकमेकांस चिकटतात. मोडतोड वापरावयाची तर तिचे तुकडे तांदुळाएवढे, सारखे करावे.

दुसरी, पाटीवर हवा तो आंकडा आल्यानंतरही वीस मिनिटें थांबावें. या एका वाक्यासाठीं आम्हीं एक गिअरबॉक्स मोजला आहे.

तिसरी, मोटर सर्वांत कमी गतीवर सुरू करावी आणि अँपिअरचा आंकडा पाहावा. तो चढत चालला तर तत्काळ बंद करावी. स्थिर राहिला तर गति थोडीथोडी वाढवावी, आणि प्रत्येक बदलानंतर पांच-दहा मिनिटें दुसऱ्या कशासही हात लावूं नये. उष्णता आणि गति दोन्ही एकदम बदलल्या तर कशाचा गुण कशास आला हें कळत नाहीं.

चवथी, आधीं स्क्रूची गति ठरवावी. तंतु सारखा, चकचकीत आणि गांठीवांचून येऊं लागला कीं तें बटण तेथेंच ठेवावें, आणि मग जाडी जमविण्याचें काम चक्रीच्या गतीनें करावें. नोझलांतून बाहेर पडतांना माल थोडा फुगतो, म्हणून छिद्राच्या मापावर विसंबूं नये. दर अर्ध्या मीटरावर व्हर्निअरनें मापावें, तेंही एकदां उभें आणि एकदां आडवें. कारण तंतु दबून चपटा झाला तर एका बाजूचें माप फसवितें.

पांचवी, नरसाळें सदैव सारखेंच भरलेलें असावें. वरचा भार कमी झाला कीं स्क्रूच्या तोंडीं दाणे विरळ पडतात आणि तंतु बारीक होतो; तोही दोष मोटरीचा नव्हे.

सहावी, एक वही ठेवावी. तारीख, हवा, उष्णता, दोन्ही बटणांच्या खुणा आणि आलेलें माप. आमच्या घरीं ही वही आम्ही लिहितों; यंत्रास हात लावण्यापेक्षां तें काम आमच्या हातीं अधिक सुरक्षित आहे, असें सर्वानुमतें ठरलें आहे.

कांहीं गोष्टींत तर हयगय नकोच. पी.व्ही.सी. चे तुकडे या यंत्रांत कदापि घालूं नयेत; त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, ती छातीस आणि यंत्रासही घातक आहे. गॅलरीचीं दारें उघडीं ठेवावीं. यंत्रास अर्थिंग आणि फ्यूज असावाच. घरीं केलेल्या तंतूच्या वस्तु अन्नास लावूं नयेत. आणि वीज मध्येंच गेली तर मोटरीचें बटण आधीं बंद करावें. नाहींपेक्षां वीज परत येतांच गार झालेल्या नळींत स्क्रू फिरूं पाहील आणि दांते पुन्हां झडतील. नातवानें आतां अशी योजना केली आहे कीं, नळी पुरेशी तापून वीस मिनिटें झाल्यावांचून मोटरीस वीजच मिळत नाहीं. घरांत त्या योजनेस ‘आजोबांचें कुलूप’ म्हणतात.

तीन वृत्ति

आमच्या जुन्या शिक्षाग्रंथांत वेदपठणाच्या तीन वृत्ति सांगितल्या आहेत : द्रुता, मध्यमा आणि विलंबिता. पाठ झालेलें घोळण्यास द्रुता, प्रत्यक्ष प्रयोगास मध्यमा, आणि शिष्यास शिकवितांना विलंबिता. गॅलरींत बसून आम्ही नातवाचें काम पाहत होतों, तेव्हां हा विभाग आम्हांस वारंवार आठवे. रीळ भरतांना यंत्र मध्यम लयींत चालतें. पण यंत्र गार असतां, माल नवा असतां, गति शोधावयाची असतां, विलंबित लयच हवी. द्रुत लय फक्त पुरें अंगवळणी पडलेल्या कामास शोभते.

हा विभाग आम्हीं वर्गांत कितीदां तरी समजावून दिला असेल. तरी एक गोष्ट येथें सांगितलीच पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत आमच्या वर्गांत एक मुलगा होता. बोलतांना अडखळे, पण शब्दरूपें मन लावून पाठ करी. तपासणी जवळ आली होती, अभ्यासक्रम मागें पडला होता, आणि त्याची पाळी आली कीं आम्ही म्हणत असूं, ‘लवकर, लवकर.’ तो जितका अडे तितके आम्ही अधिक घाई करीत असूं. पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. आम्हीं कारण विचारलें नाहीं. विचारण्याची गरज नव्हती. कांटा वर चढलेला असतां आम्हीं बटण शेवटपर्यंत फिरविलें होतें. यंत्राचे दांते नवे मिळतात. तेथें तसें नव्हतें. आज आमचे वाचक मुलानातवंडांना घरीं अभ्यास सांगत असतील, त्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी एवढ्याचसाठीं ती लिहिली.

यंत्र श्रावणांत पुन्हां सुरू झालें. पहिल्या दिवसाचा तंतु सारा फेंकला, म्हणजे टोपलींत परत गेला. चवथ्या दिवशीं वहींत सलग वीस मापें १.७२ आणि १.७८ यांच्या दरम्यान उतरलीं. त्याच रात्रीं प्रिंटर चालला, आणि सकाळीं वहिनींच्या हातांत मूठ आली. रंग मोडतोडीचा, म्हणजे करडा आणि हिरवा यांच्या मधला, कांहीं देखणा नव्हे. त्यांनीं ती दोनदां-तीनदां मुठींत धरून पाहिली, वही पुढें ओढली, आणि कांहीं न बोलतां लिहावयास लागल्या. त्या दिवशीं तीन पानें झालीं.

हिशेबाविषयीं बोलूं असें मनांत होतें, तें थोडक्यांत सांगतों. तयार तंतु बाजारांत किलोस हजार रुपयांच्या आसपास मिळतो. यंत्र, गिअरबॉक्स आणि साकीनाक्याच्या खेपा धरल्या तर ही मूठ आम्हांस पुष्कळच महाग पडली. एखादी वस्तु काढावयाची असेल तर तयार रीळच आणावें, हा आमचा प्रामाणिक सल्ला. ज्या घरांत मोडतोड नेहमींची आहे, शिकणारा मुलगा आहे, आणि थांबण्याची तयारी आहे, त्यांनींच या यंत्राच्या वाटेस जावें.

कार्तिकी एकादशीस वहिनींच्या लाखांत सुमारें अकरा हजार नामें कमी भरलीं. आम्हीं खालीं मान घालून म्हटलें, ‘वहिनी, आमच्यामुळें तुमचे पंधरा-वीस दिवस गेले.’ त्या लेखणी पुसून ठेवीत म्हणाल्या, ‘भाऊजी, उरलेलीं मार्गशीर्षांत लिहीन. घाई तुम्हांला होती. रामाला कुठें होती?’

मार्गशीर्षाच्या पौर्णिमेस लाख पुरा झाला. मापांची वही आम्ही अजून लिहितों.